दोरी जिवाची, पण आखूड हवी
शिडाच्या लहान नौकेवरील हार्नेस आणि टेदर : उपयोग, मर्यादा आणि धोके

रेवदंडा : कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला रेवदंड्याचा पोर्तुगीजकालीन कोट आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगरी किल्ला उभा आहे. मुंबईहून शिडाच्या नौकेने मुरूड-जंजिऱ्याकडे किंवा त्याहूनही पुढे गोव्याकडे निघालेल्या हौशी नाविकांना कोर्लईचे दीपगृह ही ओळखीची खूण. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर या किनाऱ्यावर वायव्येचा वारा जोर धरतो. त्याच वेळी खाडीला ओहोटी लागलेली असली, की बाहेर धावणारे पाणी आणि समुद्राकडून आत येणाऱ्या लाटा समोरासमोर येतात. लाटा उंच होतात, त्यांतील अंतर कमी होते आणि सहा-सात मीटर लांबीची नौका पाहता पाहता एका अंगावर कलते. शीड लहान करण्यासाठी नेमक्या याच वेळी कोणाला तरी डोलकाठीपर्यंत सरकावे लागते. दोन्ही हात दोरात गुंतलेले, पायाखालचे डेक ओले आणि आधाराला काही नाही, अशी त्याची अवस्था असते.

त्या क्षणी माणूस आणि नौका यांच्यात उरते ती एक दोरी. छातीवरच्या पट्ट्यांना हार्नेस आणि त्यापासून नौकेपर्यंत जाणाऱ्या जोडदोरीला टेदर असे म्हणतात. हे साधन दिसायला साधे असले तरी त्याविषयीचा एक गैरसमज जुना आणि घातक आहे. 'पाण्यात पडलो तरी दोरीला धरून परत येता येईल,' असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात टेदरचे काम माणसाला पाण्यातून परत आणण्याचे नसून तो पाण्यात पडूच नये हे पाहण्याचे आहे. हा फरक ध्यानात न घेता बांधलेल्या दोरीने जगभर अनेक अनुभवी नाविकांचा घात केला आहे.

पाच नॉटचे गणित

शिडाच्या लहान नौकेचा ताशी पाच नॉट हा वेग फारसा मानला जात नाही. किलोमीटरमध्ये तो ताशी सव्वानऊ इतका, म्हणजे सायकलस्वाराच्या वेगाहूनही कमी. तरीही या वेगाने नौका एका सेकंदाला अडीच मीटर आणि एका मिनिटाला सुमारे दीडशे मीटर पुढे जाते. मोटारबोटीचे इंजिन बंद करून ती वळवता येते. शिडाच्या नौकेला मात्र शिडे सैल सोडणे, नाळ वाऱ्याकडे वळवणे आणि उलट दिशेने पुन्हा वाट काढणे, असा सारा खटाटोप करावा लागतो. त्यात दोन-तीन मिनिटे सहज जातात. तेवढ्यात पडलेला माणूस तीनशे ते साडेचारशे मीटर मागे राहिलेला असतो. पाण्याबाहेर दिसते ते केवळ त्याचे डोके, नारळाएवढे. मीटरभर उंचीच्या लाटांत ते दिवसाउजेडीही दिसत नाही. रात्रीची तर गोष्टच सोडा.

कोकण किनाऱ्यावरील पाणी युरोपच्या समुद्राप्रमाणे गोठवणारे नाही. त्यामुळे लाईफजॅकेट घातलेला माणूस येथे तासन् तास तग धरू शकतो, ही जमेची बाजू आहे. मात्र तो सापडायला हवा. लहान नौकेवर बहुधा दोघेच असतात. एक पडला की उरलेल्या एकट्याने सुकाणू धरायचे, शिडे सांभाळायची, पडलेल्यावर नजर ठेवायची आणि मदतीसाठी संदेशही पाठवायचा! एकट्याने सफर करणाऱ्याच्या बाबतीत तर नौका वळवायलाच कोणी नसते. २००९-१० मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे हे असे एकट्याने जाणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता ती पूर्ण केली. अशा सफरीत स्वयंचलित सुकाणू माणसावाचूनही नौका पुढे नेतच राहते. म्हणूनच एकट्या नाविकाच्या दृष्टीने नौकेवरून पडणे आणि मरण यांत फारसे अंतर नसते.

फ्रान्सचे एरिक ताबार्ली यांचे उदाहरण नाविकांच्या कायम स्मरणात आहे. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा एकट्याने अटलांटिक पार करण्याची शर्यत त्यांनी जिंकली होती. जून १९९८ मध्ये आयरिश समुद्रात रात्रीच्या वेळी शीड बदलत असताना शिडाच्या दांड्याचा धक्का बसून ते आपल्याच 'पेन द्युइक' या नौकेवरून पाण्यात पडले. त्यांनी हार्नेस लावलेला नव्हता. नौकेवर सोबती असूनही ते सापडले नाहीत. त्यांचा मृतदेह काही आठवड्यांनी मच्छीमारांच्या जाळ्यात आला.

मानके आली कशी?

हार्नेसविषयीचे आजचे बहुतेक नियम दुर्घटनांतून जन्मलेले आहेत. ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका उतरल्या आणि वादळात १५ स्पर्धकांचा बळी गेला. यांतील काही जणांनी हार्नेस लावलेला होता. परंतु पट्टा, हूक किंवा तो ज्याला अडकवला होता ती जागाच तुटली, असे चौकशीत दिसून आले. साधन असणे पुरेसे नाही, त्याच्या साखळीतील प्रत्येक दुवा भक्कम हवा, हा त्या शर्यतीने दिलेला धडा होय.

आज या साधनांसाठी 'आयएसओ १२४०१' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार टेदरची लांबी दोन मीटरहून अधिक असता कामा नये. खोल समुद्रातील शर्यतींच्या नियमावलीत आणखी काही अटी आहेत. टेदरच्या शिलाईत रंगीत खूणपट्टी दडवलेली असावी लागते. दोरीवर एकदा मोठा ताण आला, की शिलाई उसवून ती पट्टी बाहेर दिसू लागते. असा टेदर पुन्हा वापरायचा नसतो. याशिवाय काही जणांकडे एक मीटरचा आखूड टेदर किंवा मधोमध जादा हूक असलेला टेदर असावा, असेही ही नियमावली सांगते.

दोन मीटरही जास्त

लहान नौकेच्या बाबतीत खरा प्रश्न येथेच उभा राहतो. सात मीटर लांबीच्या नौकेची रुंदी साधारण अडीच मीटर असते. म्हणजे मध्यरेषेपासून काठ जेमतेम सव्वा मीटरवर. मध्यरेषेवर अडकवलेला दोन मीटरचा टेदरही माणसाला काठापलीकडे पाऊण मीटर जाऊ देतो. काठाजवळ अडकवला तर तोच माणूस थेट पाण्यात जातो आणि नौकेच्या बाजूने फरफटत राहतो. मोठ्या नौकेवर पुरेशी सुरक्षित ठरणारी लांबी लहान नौकेवर अशी धोक्याची ठरते.

फरफट किती भयंकर असते, याची कल्पना किनाऱ्यावरून येत नाही. पाच नॉट वेगाने ओढल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाण्याचा अखंड लोट येतो. श्वास घेता येत नाही, हात वर नेता येत नाहीत आणि ताणलेल्या दोरीचा हूकही सुटत नाही. २०११ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक एका शर्यतीच्या नौकेचा कप्तान टेदर लावलेल्या अवस्थेतच काठावरून खाली गेला. सोबती हाताच्या अंतरावर होते. तरीही नौका थांबवून त्यांना वर घेईपर्यंत बुडून त्यांचा मृत्यू झाला. दोरी शाबूत होती, हूक शाबूत होता. चूक होती ती लांबीत.

म्हणून जाणकारांचा नियम असा, की काम एका जागी असेल तर एक मीटरचा टेदर वापरावा. दोन मीटरचा केवळ पुढे-मागे सरकताना. दुहेरी टेदरला एक आखूड आणि एक लांब असे दोन पदर असतात. एक हूक नव्या जागी अडकवल्याखेरीज दुसरा सोडायचा नाही, ही शिस्त त्यामुळे पाळता येते. लवचिक टेदर सैल असताना आखडतो, त्यामुळे पायात अडकत नाही. डेकवर उभे राहून चालण्यापेक्षा बसून किंवा रांगत सरकण्यात कमीपणा मानू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. उभ्या माणसाची छाती डेकपासून सव्वा मीटरवर असते आणि तो पडतोही तितक्याच दूर.

कुठे अडकवावे?

नाळेपासून मागच्या बाजूपर्यंत डेकवर ताणून बांधलेल्या पट्टीला जॅकलाइन म्हणतात. टेदरचा हूक तिच्यावरून सरकत जातो. शर्यतींच्या नियमांनुसार पट्टीची किंवा दोराची ताकद किमान दोन टन भार सोसण्याइतकी असावी लागते. हा आकडा अवाजवी नाही. आडवी ताणलेली दोरी मध्येच खेचली गेली, की तिच्या टोकांवरील ताण माणसाच्या वजनाच्या कित्येक पट होतो. गोल तार किंवा गोल दोर पायाखाली घरंगळतो. चपटी पट्टी घरंगळत नाही, म्हणून लहान नौकेवर पट्टीच बरी. नायलॉन ओले झाल्यावर अधिक ताणले जाते, त्यामुळे पॉलिएस्टरची पट्टी पसंत केली जाते.

जॅकलाइन काठाने नेण्याऐवजी शक्य तितकी मध्यरेषेच्या जवळून न्यावी आणि पिछाडीच्या बरीच अलीकडे संपवावी. ती अगदी मागच्या टोकापर्यंत नेल्यास पडलेला माणूस घसरत नौकेच्या मागे जातो आणि तिथून त्याला वर घेणे जवळजवळ अशक्य होते. हूक नेहमी वाऱ्याकडच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूला अडकवावा. तोल गेला तर माणूस उताराकडे घसरतो. दोरी वरच्या बाजूला असेल तर काठ येण्याआधीच ती ताणली जाते.

कठड्याची तार किंवा तिचे खांब यांना टेदर कधीही अडकवू नये. ते माणसाला हाताने धरण्यापुरते असतात. झटक्याने त्यांचे बूड उखडते. शीड सोडण्या-ओढण्याचे दोर आणि सुकाणूचे चाक हेही वर्ज्यच. डेकखाली मोठी पत्र्याची चकती देऊन आरपार बोल्टने घट्ट केलेली कडी हीच भरवशाची. अशी एक कडी केबिनच्या दाराशी हवी. बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी हूक लावता यावा आणि आत उतरल्यावरच तो सोडता यावा, यासाठी. दारातून बाहेर पडण्याचा क्षण हा सर्वांत बेसावध क्षण असतो. दुसरा तसाच क्षण म्हणजे लघुशंकेसाठी काठावर उभे राहणे. ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. पण शांत समुद्रात पाण्यात पडणाऱ्यांमध्ये अशांचाही समावेश असतो.

हूक आडवा आला तर

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी केपटाऊनहून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलकडे निघालेल्या क्लिपर शर्यतीतील एका नौकेवर घडलेली घटना या साधनाच्या इतिहासात कलाटणी देणारी ठरली. नाळेजवळ शीड उतरवताना एक ब्रिटिश नाविक काठावरून खाली गेला. त्याचा टेदर जोडलेला होता आणि तो काही मिनिटे नौकेला लटकून होता. मात्र जॅकलाइनवरून सरकलेला हूक डेकवरील दोर बांधण्याच्या खुंटीखाली अडकून आडवा झाला. हूक सरळ रेषेत भरपूर भार पेलतो. आडव्या ताणाखाली मात्र तो अपेक्षेपेक्षा फार कमी भारात वाकला आणि उघडला. सोबत्यांनी त्या नाविकाला पाण्यातून परत मिळवले, पण प्राण गेलेले होते. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये नाविकांना तातडीचा इशारा दिला. तत्कालीन मानकात हूकची आडव्या ताणाखाली चाचणीच नव्हती, हे त्यातून उघड झाले.

यातून घ्यायचा बोध सोपा आहे. जॅकलाइनच्या वाटेत खुंटी, कडी, पुली असे काही येते का, हे धक्क्यावर असतानाच हूक हाताने सरकवून पाहावे. येत असेल तर पट्टीची वाट बदलावी.

बांधलेलाही सुटता आला पाहिजे

जुलै २०११ मध्ये अमेरिकेतील मिशिगन सरोवरात शर्यतीदरम्यान वादळात 'विंगनट्स' ही नौका उलटली. तिच्यावरील आठ जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. उलट्या झालेल्या नौकेखालून सुटताना टेदर हा अडथळा कसा ठरू शकतो, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. टेदरचे छातीकडचे टोक साध्या फासाने जोडलेले असेल, तर ताण असताना ते सुटत नाही. त्यामुळे या टोकाला ताण असतानाही एका झटक्यात उघडणारी कळ असावी आणि डोळे मिटून ती सापडेल इतका सराव असावा. फासाचा टेदर असेल तर दोरी कापण्याचा चाकू अंगावरच हवा, खाली पेटीत नव्हे.

याच कारणासाठी अगदी छोट्या डिंगींवर टेदर लावायचा नसतो. ऑप्टिमिस्ट, लेझर यांसारख्या नौका उलटणे हा शिकण्याचाच भाग. नौकेला बांधलेला विद्यार्थी तिच्याखाली अडकू शकतो. तेथे रक्षण करते ते लाईफजॅकेट आणि सोबतची बचावनौका. डिंगीवर काठाबाहेर झुकण्यासाठी वापरला जाणारा ट्रॅपीझ हार्नेस हे निराळेच साधन आहे. नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. ज्या नौकेच्या तळाशी जड कणा आहे, जी कलली तरी आपोआप सरळ होते आणि जी किनाऱ्यापासून दूर जाते, तिच्यासाठी टेदर आहे.

स्वस्तातील पर्याय

बांधकामावर मिळणारा पट्टा किंवा गिर्यारोहणाचा हार्नेस नौकेवर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. बांधकामाच्या पट्ट्याची कडी पाठीवर असते. तिथे स्वतःचा हात पोहोचत नाही, मग ती सोडवणार कशी? गिर्यारोहणाच्या पट्ट्याची जोडणी कमरेशी असल्याने पाण्यात ओढला जाणारा माणूस डोके खाली होऊन उलटण्याचा धोका असतो. कमरेभोवती नुसता दोर गुंडाळणे तर त्याहून वाईट. झटक्याने तो एक तर काखेतून निसटतो किंवा बरगड्या मोडतो. शिडाच्या नौकेसाठीच्या हार्नेसची जोडणी छातीच्या मध्यभागी असते. हवेने फुगणाऱ्या लाईफजॅकेटमध्येच तो शिवलेला मिळतो आणि हेच सर्वांत सोयीचे. मांड्यांमधून जाणारा पट्टा मात्र वगळू नये. तो नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून वर सरकते.

कोकणातील ऊन आणि खारी हवा यांपुढे कोणतेही साधन फार काळ टिकत नाही. उन्हात पडून राहिलेली पट्टी बाहेरून धडधाकट दिसली तरी तिचे धागे कमजोर झालेले असतात. म्हणून सफर नसताना जॅकलाइन काढून ठेवावी, गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. रंग उडालेली, टोके झिजलेली किंवा कडक झालेली पट्टी बदलावी. हूकची स्प्रिंग मिठाने अडखळते का, हे पाहावे. साधा एकेरी हूक कडीवर पिळला गेला की आपोआप उघडू शकतो. एकाच वेळी दोन ठिकाणी दाबल्याखेरीज न उघडणारा हूकच घ्यावा. तो लोखंडी नसावा. होकायंत्राजवळ आल्यास सुई चुकीची दिशा दाखवते.

तरीही पडलाच तर

टेदर लावलेला माणूस काठाबाहेर गेल्यास पहिले काम एकच : नौका थांबवणे. आधी त्याला ओढण्याची घाई करू नये. शिडे सैल सोडून नाळ वाऱ्याकडे वळवावी. वेग संपला की पाण्याचा लोट थांबतो आणि श्वास सुरू होतो. ओल्या कपड्यांतील प्रौढ माणसाला एकट्याने हातांनी उचलणे जवळपास अशक्य असते. त्यासाठी शीड वर खेचण्याचा दोर त्याच्या हार्नेसला जोडून चक्रीच्या साह्याने त्याला वर घ्यावे. ही कृती खाडीच्या शांत पाण्यात एकदा तरी करून पाहिलेली असावी.

रेवदंड्याजवळील समुद्र तटरक्षक दलाला अपरिचित नाही. १७ जून २०२१ रोजी रेवदंडा बंदराजवळ 'मंगलम' ही मालवाहू नौका बुडू लागली, तेव्हा दलाने जहाज आणि हेलिकॉप्टरच्या साह्याने तिच्यावरील सर्व १६ जणांची सुटका केली. पण बुडणारे जहाज दिसते, त्याचे ठिकाण माहीत असते. अंधारात एकट्या पडलेल्या माणसाचे तसे नसते. त्याला शोधण्याची वेळच येऊ न देणे, हेच एक मीटरच्या त्या दोरीचे काम आहे.

हे लक्षात ठेवा

- रात्री, एकटे असताना, शीड लहान करताना आणि वारा वाढू लागताच टेदर लावावा. वादळाची वाट पाहू नये.
- हूक वाऱ्याकडच्या बाजूला आणि मध्यरेषेजवळ अडकवावा. काठ गाठता येणार नाही इतकीच लांबी ठेवावी.
- खाडीच्या मुखातून आत-बाहेर जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. ओहोटी आणि समोरचा वारा एकत्र आल्यास थांबावे.
- टेदर लाईफजॅकेटला पर्याय नाही, दोन्ही हवेत.
- छातीकडची कळ डोळे मिटून उघडण्याचा सराव करावा. चाकू अंगावर ठेवावा.
- डिंगीवर टेदर लावू नये.
- संकटात व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर संदेश द्यावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, तर सागरी पोलिसांचा १०९३ आहे.